संगणक बंद करण्याची परवानगी

युनिक्स किंवा तिच्याच वळणाची लिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्या विद्यार्थ्याला केव्हा ना केव्हा एक नकार मिळतो. एखादा प्रोग्राम अडकून बसला आहे, पडद्यावरच्या खिडक्या हलत नाहीत. संगणक पुन्हा सुरू केला की काम मार्गी लागेल हे त्याला ठाऊक असते. तो कसाबसा मजकुराच्या पडद्यावर जातो, 'रीबूट' ही आज्ञा टंकतो आणि उत्तर येते : हे करण्याची तुला परवानगी नाही. मग तो इकडेतिकडे पाहतो, सर जवळपास नाहीत अशी खात्री करून घेतो आणि संगणकाच्या डब्यावरचे बटन चार-पाच सेकंद दाबून धरतो. संगणक बंद पडतो. ज्या नियमाने त्याला रीतसर मार्गाने जाऊ दिले नाही, त्या नियमाला त्याला आडमार्गाने जाताना मात्र अडवता आले नाही.

या लेखात आम्ही या एका नियमाचे परीक्षण करणार आहोत. आजच्या नव्या लिनक्सवर, संगणकासमोर बसलेल्या माणसापुरता, तो बराच सैल झाला आहे हे खरे; त्याकडे आपण पुढे येऊच. परंतु जुन्या स्थापना, जाळ्यावरून वापरले जाणारे संगणक आणि एकाच मोठ्या संगणकाला अनेक पडदे जोडलेल्या प्रयोगशाळा यांत तो अजून नांदतो. शिवाय तो सैल करण्यासाठी शिक्षक जे उपाय करतात त्यांतले काही मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहेत. म्हणून हा खटाटोप.

नियम मूर्खपणाचा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली, तेव्हा 'माझा संगणक' अशी भाषाच नव्हती. आधी पीडीपी-७ आणि मग पीडीपी-११ या यंत्रांवर ही प्रणाली वाढली. यंत्र एका खोलीत असे आणि त्याला जोडलेली टंकयंत्रे इतर खोल्यांत. एकाच वेळी अनेक माणसे त्यावर काम करीत. त्यांतल्या एकाला वाटले म्हणून यंत्र पुन्हा सुरू करायचे, तर बाकीच्या सगळ्यांचे काम बुडणार. तेव्हा हा अधिकार यंत्राची देखभाल करणाऱ्याकडेच असावा, हे ओघानेच आले.

दुसरे कारण अधिक तांत्रिक आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वर्गात सांगावे इतके चांगले आहे. आपण फाइलमध्ये केलेला बदल युनिक्स ताबडतोब डिस्कवर लिहीत नाही. शिक्षक वर्गात हजेरीची खूण कच्च्या कागदावर करून ठेवतात आणि वेळ मिळाला की कॅटलॉगमध्ये उतरवतात, तसेच हे. डिस्क संथ असते, स्मृती वेगवान. म्हणून बदल आधी स्मृतीत साठवायचे आणि मग एकदम लिहायचे. जुन्या युनिक्समध्ये 'अपडेट' नावाचा एक प्रोग्राम दर ३० सेकंदांनी हा साठा डिस्कवर उतरवीत असे. मधल्या काळात वीज गेली तर कच्चा कागद हरवला, आणि कॅटलॉग अर्धवट राहिला. रीतसर 'शटडाऊन' करताना प्रणाली आधी चालू प्रोग्रामना आवरते घ्यायला सांगते, साठलेले सारे लिहून टाकते, डिस्क मोकळी करते आणि मगच थांबते. यंत्र बंद करण्यापूर्वी 'सिंक' ही आज्ञा तीनदा टंकण्याची रूढी जुन्या मंडळींमध्ये होती. आज्ञा लिखाणाला नुसती सुरुवात करून परत येई. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ती टंकण्यात जो वेळ जाई तेवढ्यात डिस्कचे लिखाण पुरे होई. रूढीमागे असे शहाणपण असते, फक्त पुढच्या पिढीला त्याचे कारण कोणी सांगत नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात 'ईएक्सटी-३' ही फाइल-रचना आली. ती प्रत्येक बदलाची नोंद आधी एका रोजनाम्यात करते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी डिस्कची एकंदर मांडणी सहसा कोलमडत नाही. पण शाबूत राहते ती मांडणी. विद्यार्थ्याने शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेला निबंध वाचेलच असे नाही. 'आता काय, बटन दाबले तरी चालते' हा समज आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. तो अर्धाच खरा आहे.

आता आमचा आक्षेप. नियमामागची दोन कारणे कोणती? इतरांचे काम बुडू नये, आणि साठलेली माहिती हरवू नये. यांपैकी एकाचाही 'या यंत्राचा धनी कोण' या प्रश्नाशी संबंध नाही. तरीही युनिक्सने उत्तर दिले ते असे : यंत्र थांबवण्याचा अधिकार 'रूट'चा. रूट म्हणजे ज्याचा क्रमांक शून्य आहे तो सर्वाधिकारी. तो कोणाचीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, कोणाचाही परवलीचा शब्द बदलू शकतो. मूळ युनिक्सला दोनच जाती ठाऊक होत्या : एक शून्य क्रमांकाचा, आणि उरलेले सगळे. मधली पायरीच नव्हती.

शाळेतले उदाहरण घ्या. पाण्याच्या टाकीचा पंप बंद करण्याचे बटन मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. टाकी भरून वाहू लागली की कोणीतरी धावत जाऊन पंप बंद करायला हवा. म्हणून त्या खोलीची किल्ली शिपायाकडे, पाणी भरणाऱ्या मुलाकडे, शेवटी ज्याला हवी त्याच्याकडे जाते. त्याच खोलीतल्या कपाटात गुणपत्रिका आहेत. पंपाची सोय करताना कपाटही उघडे झाले.

संगणकाच्या प्रयोगशाळेत हे अक्षरशः घडते. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रूटचा परवलीचा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'संध्याकाळी मुलांना संगणक बंद करून जावे लागते ना.' त्या संगणकांवर मुलांच्या प्रात्यक्षिकांच्या फाइली होत्या आणि त्यांचे गुणही होते. ज्यांनी तो शब्द लिहिला त्यांना आम्ही बेजबाबदार म्हणणार नाही. संगणक तर बंद करायलाच हवेत, आणि प्रणालीने त्यांच्यापुढे दोनच दारे ठेवली होती. त्यांनी दोहोंतले उघडणारे दार निवडले.

भिंतीतून काढलेला दांडा

मुख्याध्यापकांची खोली न उघडता पंप बंद करता येईल का? येईल. भिंतीला भोक पाडून बटनाला जोडलेला एक दांडा बाहेर काढायचा. बाहेरचा माणूस दांडा ओढेल, आतले बटन खाली जाईल, माणूस मात्र बाहेरच. युनिक्समध्ये या दांड्याला 'सेटयूआयडी' म्हणतात. एखाद्या प्रोग्रामवर ही खूण केली की तो कोणीही चालवला तरी प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. कल्पना डेनिस रिची यांची. तिच्यासाठी १९७३ साली अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला गेला आणि १९७९ साली ते मिळाले. आमच्या मते युनिक्समधल्या सर्वांत चतुर कल्पनांत ती मोडते. आणि सर्वांत जास्त डोकेदुखी देणाऱ्या कल्पनांतही.

'शटडाऊन' या प्रोग्रामला अशी खूण करून तो एका ठरावीक गटापुरता मोकळा करायचा, ही बर्कलेच्या युनिक्सची परंपरा. तिची वारस असलेल्या फ्रीबीएसडीमध्ये 'ऑपरेटर' गटात नाव घातले की सामान्य माणसाला यंत्र बंद करता येते. ऐकायला सोपे. पण या गटाकडे आणखी एक काम पूर्वापार आहे, डिस्कच्या प्रती काढण्याचे. त्यामुळे ऑपरेटर गटाला डिस्क थेट, फाइलींचे कुलूप बाजूला ठेवून, वाचता येते. म्हणजे नुसता पंप बंद करता यावा म्हणून ज्याला गटात घेतले, त्याला सगळ्या कपाटांत डोकावण्याची मुभाही मिळाली. मोठ्या संगणकाच्या खोलीत एकच कर्मचारी दोन्ही कामे करी तेव्हा हे ठीक होते. नववीच्या मुलाला या गटात घालणे ठीक नाही, आणि सोप्या कृती सांगणाऱ्या बऱ्याच ठिकाणी ही दुसरी बाजू सांगायचीच राहून जाते.

यापेक्षा सुबक उपाय म्हणजे 'सुडो'. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला. कोणी, कोणत्या संगणकावर, कोणती आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवावी याची यादी व्यवस्थापक एका फाइलमध्ये करतो. सुडो ती यादी पाहतो, आज्ञा चालवतो आणि कोणी केव्हा काय चालवले याची नोंद ठेवतो. परवलीचा मोठा शब्द कोणालाच सांगावा लागत नाही. यादीतील एका ओळीत शाळेचा प्रश्न सुटतो असे वाटते, आणि पुष्कळसा सुटतोही.

मात्र ती ओळ लिहिताना हात आखडता हवा. यादीत नुसते 'शटडाऊन' एवढेच लिहिले तर ती आज्ञा कोणत्याही पुरवणीसह चालते. पुन्हा सुरू करण्याची परवानगी द्यायची होती, ती कायमचे बंद करण्याचीही दिली गेली. पुरवणीसह अख्खी आज्ञा लिहिली की तेवढीच चालते. आजच्या बहुतेक लिनक्सवर 'रीबूट' हे 'सिस्टिमसीटीएल' नावाच्या मोठ्या साधनाचेच दुसरे नाव असते. काही व्यवस्थापक सोयीसाठी हे साधन सरसकट मोकळे करून देतात. मग मुलाच्या हाती संगणकावरची प्रत्येक सेवा सुरू-बंद करण्याची कळ येते, आणि तेथून रूटपर्यंत जाणारी वाट फार लांब नसते. ज्यांना हे ओळीचे गणित नको असते ते स्वतःच एक छोटी आज्ञावली लिहून तिला सेटयूआयडीची खूण करतात. लिनक्स अशा मजकुरी आज्ञावल्यांवरची ही खूण मानतच नाही. ते योग्यच आहे. कारण आज्ञावली ज्या वातावरणात चालते ते बाहेरच्या माणसाला बदलता येते, आणि 'शटडाऊन' या नावाखाली भलतेच काही चालवून घेता येते.

दांड्यासाठी पाडलेले भोक सैल असेल तर त्यातून हात आत जातो. जानेवारी २०२१ मध्ये असे उघडकीस आले, की सुडोमध्ये जुलै २०११ पासून एक चूक होती. तिच्या आधारे यादीत नाव नसलेल्या साध्या वापरकर्त्यालाही रूट होता येत होते. वर्षभरात, जानेवारी २०२२ मध्ये, 'पोलकिट' या दुसऱ्या साधनातील 'पीकेएक्झेक' या प्रोग्रामची तशीच चूक समोर आली. ती २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून होती. दोन्ही प्रोग्राम खुले, दोन्ही असंख्य संगणकांवर, आणि तरी चुका इतकी वर्षे टिकल्या. यावरून सुडो टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करण्याचे काम शाळेत कोणाचे, हे मात्र दांडा बसवण्याआधी ठरले पाहिजे. आमच्या अनुभवात ते बहुधा कोणाचेच नसते.

सुडोवरचा आमचा मूळ आक्षेप वेगळा आहे. तो 'कोण' हे विचारतो, 'कुठून' हे विचारत नाही. यादीत नाव असलेला मुलगा शेजारच्या खोलीतून जाळ्यावरून एखाद्या संगणकात शिरला आणि त्याने तीच आज्ञा दिली, तरी सुडो ती पाळतो. त्या संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या मुलीचा अर्धा लिहिलेला प्रकल्प तिच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. वर्गातील खोडी म्हणून हे फार आकर्षक आहे, हे शिक्षकांना सांगायला नको.

तीन कळा आणि जन्मतारीख

कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू करण्याची युक्ती आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीबरोबर आली. लिनक्सने ती स्वीकारली, पण सुधारून : या कळा दाबल्या की गाभा थेट कोसळत नाही, तो 'इनिट' या पहिल्या प्रोग्रामला कळवतो, आणि इनिट रीतसर शटडाऊन करतो. कळफलकाला हात लावू शकणाऱ्यालाच हे करता येते, म्हणजे 'कुठून' या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. फार चांगली गोष्ट. पण पुढे व्यवस्थापकांना वाटले, की कोणीही आला आणि कळा दाबून गेला असे नको. म्हणून जुन्या इनिटमध्ये परवानगी असलेल्यांच्या नावांची एक फाइल आली. तिची तपासणी कशी चाले ते पाहण्यासारखे आहे. कळा कोणी दाबल्या हे यंत्राला कळत नाही. म्हणून शटडाऊन एवढेच पाही, की यादीतले कोणी, किंवा स्वतः रूट, त्या यंत्राच्या कोणत्याही स्थानिक पडद्यावर नाव नोंदवून बसलेले आहे का. असेल, तर कळा कोणीही दाबलेल्या चालत. याचा अर्थ, सर दुसऱ्या पडद्यावर आपले खाते उघडे ठेवून चहाला गेले की सगळ्या वर्गाला परवानगी. आणि सरांनी शिस्तीने खाते बंद केले की संगणक अडकला तरी कोणालाच नाही. शिस्त पाळणाऱ्याची गैरसोय आणि न पाळणाऱ्याची सोय करणारी तपासणी आम्ही तरी दुसरी पाहिली नाही.

लिनक्सच्या गाभ्याने १९९९ सालच्या २.२ या आवृत्तीपासून रूटच्या अधिकाराचे तुकडे केले. त्यांतला एक तुकडा खास यंत्र पुन्हा सुरू करण्याचा. वाचून वाटते, हेच तर आपल्याला हवे होते. पण हा तुकडा ज्याच्या हाती आहे त्याला गाभ्याला थेट 'आत्ताच्या आत्ता थांब' असे सांगता येते. कच्चा कागद कॅटलॉगमध्ये उतरला की नाही याची वास्तपुस्त नाही. याच तुकड्यात चालू गाभ्याच्या जागी दुसरा गाभा आणून बसवण्याचा अधिकारही घातलेला आहे. पंपाच्या बटनाबरोबर इमारत बदलण्याचाही परवाना! तेव्हा हा तुकडा विद्यार्थ्यांच्या उपयोगाचा नाही. जाता जाता एक गंमत. ही विनंती चुकून होऊ नये म्हणून गाभा तिच्यासोबत दोन ठरलेल्या संख्या मागतो. पहिली संख्या षोडशमान पद्धतीत लिहिली तर इंग्रजीत 'फील डेड' अशी दिसते. दुसरी आहे ६७२२७४७९३. ती षोडशमान पद्धतीत लिहून पाहा : २८१२१९६९, म्हणजे २८ डिसेंबर १९६९, लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांची जन्मतारीख. संख्यापद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. रूपांतर हाताने करायला दहा मिनिटे लागतात आणि उत्तर आले की वर्ग हसतो.

समोर कोण बसले आहे?

योग्य प्रश्न विचारायला युनिक्सच्या कुळाला बराच काळ लागला. आजच्या बहुतेक लिनक्सवर 'सिस्टिमडी' या २०१० साली पुढे आलेल्या संचातील 'लॉगिन्ड' आणि आधी उल्लेख केलेले पोलकिट मिळून हा निर्णय करतात. या यंत्राच्या पडद्याकळफलकासमोर या क्षणी कोणाचे सत्र चालू आहे, याची लॉगिन्ड नोंद ठेवतो. समोर बसलेल्याला, तो एकटाच असेल तर, परवलीचा शब्द न विचारता यंत्र पुन्हा सुरू करू दिले जाते. जाळ्यावरून आलेल्याला व्यवस्थापकाची ओळख पटवावी लागते. दुसऱ्या कोणाचे सत्र चालू असताना यंत्र थांबवणे ही वेगळी परवानगी मानली आहे, आणि शाळेला हवे तर ती वेगळी आवळता येते. एखादा प्रोग्राम नाजूक कामात असेल, समजा प्रणालीचे नवे भाग बसवत असेल, तर त्याला 'थोडे थांबा' अशी खूण लावून ठेवता येते.

ही मांडणी आम्हाला मनापासून पटते, कारण समोर बसलेल्या माणसाच्या हाती तसेही बटन आहे, तारही आहे. त्याला सुरक्षित मार्ग नाकारून यंत्राचे रक्षण काहीच होत नाही. साठलेली माहिती तेवढी जाते. दूरवरच्या माणसाकडे ना बटन ना तार, म्हणून त्याला नाकारण्यात अर्थ आहे.

दोष इथेही आहेत. पोलकिटचे स्थानिक नियम २०१२ पासून जावास्क्रिप्ट या भाषेत लिहावे लागतात. आठवीच्या मुलांनी संगणक बंद करावा की नाही हे ठरवण्यासाठी शिक्षकाने जावास्क्रिप्ट शिकावी, ही अपेक्षा कोणी केली असेल त्याने शाळा पाहिलेली नसावी. सुडोची ओळ तरी फळ्यावर लिहून समजावता येते. दुसरा दोष संशोधकांना जास्त जाणवेल. लॉगिन्ड माणसांची सत्रे मोजतो. 'क्रॉन'ने मध्यरात्री आपोआप सुरू केलेले, तीन दिवस चालणारे गणित हे माणसाचे सत्र नव्हे. सकाळी कोणी येऊन बसले, पडदा जरा संथ वाटला म्हणून यंत्र पुन्हा सुरू केले, की गणित गेले. गणित लिहिणाऱ्याने थांबवण्याची खूण लावली असती तर वाचले असते, पण ती सोय आहे हेच बहुतेकांना माहीत नसते. अशा संगणकावर समोर बसलेल्यालाही नकार मिळावा, आणि तो नकार सांगणारी चिठ्ठी बटनावरही चिकटवावी, असे आम्ही म्हणू.

तिसरी अडचण खास शाळांची. खर्च वाचवण्यासाठी एका दणकट संगणकाला दहा-पंधरा साधे पडदे-कळफलक जोडण्याची पद्धत आहे. १९९९ साली सुरू झालेल्या एलटीएसपी या प्रकल्पाने ती पुष्कळ शाळांत नेली. तिच्या मूळ रूपात मुलगा ज्याच्यासमोर बसतो तो फक्त पडदा, आणि काम चालते ते कोपऱ्यातल्या यंत्रावर. आपण १९६९ मध्ये परत आलो! येथे 'समोर बसलेल्याला परवानगी' हा नियम डोळे मिटून लावला आणि एकाने यंत्र पुन्हा सुरू केले, तर पंधरा जणांचे काम बुडेल. या ठिकाणी जुनाच नियम बरोबर आहे.

एक आक्षेप आमच्यावरही घेतला जाईल. यंत्र पुन्हा सुरू करता येणे म्हणजे सुरुवातीच्या पडद्यावर पोहोचणे, आणि तेथे दोन शब्द वाढवले की लिनक्स परवलीचा शब्द न विचारता रूटचे दार उघडते, किंवा खिशातल्या पेनड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली सुरू करता येते. हे खरे आहे. मात्र तार उपसूनही त्याच पडद्यावर पोहोचता येते, तेव्हा 'रीबूट' नाकारून हा धोका टळत नाही. तो टाळायचा तर सुरुवातीच्या प्रोग्रामला आणि बायोसला परवलीचे शब्द लावावे लागतात, आणि डब्याला कुलूप. ज्या शाळेत हे केलेले नाही आणि 'रीबूट'वर मात्र बंदी आहे, तेथे खिडकीला गज आहेत आणि दाराला कडी नाही.

बंद करण्याची निकड तर पुन्हा सुरू करण्याहून मोठी. २००५ नंतर काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. यूपीएस असलाच तर दहा-पंधरा मिनिटे पुरे. तेवढ्यात सगळे संगणक रीतसर बंद व्हायला हवेत, आणि शिक्षक एक. अशा वेळी प्रत्येक मुलाला समोरचा संगणक बंद करता आला पाहिजे, हा सोयीपेक्षा डिस्कच्या आयुष्याचा प्रश्न आहे. रास्पबेरी पायच्या पाट्यांवरही तेच. २०२३ मध्ये पाचवी आवृत्ती येईपर्यंत त्यांच्यावर बटनच नव्हते, आणि मुले सरळ तार काढत. कार्ड खराब झाले की दोष कार्डाला. गंमत म्हणजे त्यांच्या प्रणालीत पहिल्या वापरकर्त्याला बरीच वर्षे सगळेच अधिकार न विचारता मिळत होते. युनिक्सच्या कंजूषपणाचे हे दुसरे टोक. त्याचेही आम्ही कौतुक करणार नाही.

मग साध्या प्रयोगशाळेत काय करावे? जिथे एका मुलामागे एक संगणक आहे तिथे लॉगिन्डची मूळ व्यवस्था तशीच राहू द्यावी, आणि मुलांना मेनूतून बंद करायला शिकवावे. जिथे ती नाही, तिथे प्रयोगशाळेसाठी एक स्वतंत्र गट करावा, ऑपरेटर गटाला हात लावू नये, आणि सुडोच्या यादीत पुरवणीसह दोनच आज्ञा लिहाव्यात : एका मिनिटाने पुन्हा सुरू करणे आणि एका मिनिटाने बंद करणे. ते एक मिनिट मुद्दाम ठेवावे. तेवढ्यात मजकुराच्या पडद्यांवर बसलेल्या इतरांना सूचना जाते, आणि आज्ञा देणाऱ्याला 'अरे, प्रकल्प जपून ठेवायचा राहिला' हे आठवायला वेळ मिळतो. रद्द करण्याची आज्ञाही तिसरी म्हणून जोडावी. मुलांच्या खात्यांना जाळ्यावरून एकमेकांच्या संगणकात शिरण्याची सोय ठेवू नये. फळ्यावरचा शब्द पुसावा, आणि बदलावा. नुसता पुसून भागणार नाही.

सुडो ठेवतो ती नोंद महिन्यातून एकदा छापून नववीच्या मुलांपुढे ठेवावी. कोणता संगणक, कोणत्या तारखेला, कितव्या तासाला, कोणाच्या खात्यातून पुन्हा सुरू झाला, एवढे त्यात असते. तक्ता करायला सांगावे. सगळे संगणक थोडेथोडे उठत असतील तर एखादा प्रोग्राम जड आहे. एकच संगणक पुन्हा पुन्हा, तोही दुपारच्या तासांनाच उठत असेल, तर मुले लवकरच त्याचा डबा उघडून पंख्यावरची धूळ पाहायला मागतील.